पत्र्यामागचं रडणं

हिंगोलीच्या दसरा प्रदर्शनात भूत बंगल्यापुढं रांग लागायची, ती सांगाडा बघायला नव्हे. रडणं ऐकायला.

रडणारी बाई कुणालाच दिसायची नाही. शेवटच्या वळणावर मिट्ट काळोख. तिथं भूत नव्हतं, दिवा नव्हता, काही हलत नव्हतं. फक्त पत्र्यामागून एक बाई रडायची. बाहेर आलेली माणसं पायातून निसटलेली चप्पल शोधता शोधता एकमेकांना विचारायची, "ते रडणं कसलं होतं रे?"

ती बाई म्हणजे रूपाबाई. सेनगावकडच्या एका तांड्यावरची, साठीला टेकलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा कुलदीप आणि सून निता दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. तोवर रूपाबाई घरात एकटी. पदराच्या टोकाला तिनं कायम एक सुई टोचलेली असायची, दोरा ओवलेली.

त्या सुईमुळंच ती भूत बंगल्यात आली.

बंगला उकंडरावांचा. आखाडा बाळापूरला त्यांचा मंडप आणि साउंडचा धंदा. बंद पडलेल्या एका फिरत्या मेळ्याकडून त्यांनी हा पत्र्याचा डबा उचलला आणि दसऱ्याला हिंगोली, शिवरात्रीला औंढा असा फिरवायला लागले. डबा दोन ट्रकांच्या हौद्यांएवढा. आत लोखंडी रूळ, रुळांवर चार गाड्या, एका गाडीत दोन माणसं. एकूण वाट बेचाळीस पावलांची, पण अंधारात पाच वळणं घेतली की माणसाला ती संपता संपत नाही. गाड्यांना मोटार आहे असं सगळ्यांना वाटायचं. मोटार नव्हती, नरसिंग होता. काळा सदरा, काळी पँट, डोक्याला काळं फडकं, आणि गाडीमागं वाकून पळणारा नरसिंग. घाबरलेली माणसं मागं वळून बघत नाहीत, हे त्याच्या धंद्याचं गुपित होतं.

उकंडरावांची मुलगी आरोही माईकवर बसायची. मराठी घेऊन बी.ए. झालेली. नोकरीचे अर्ज करून थकलेली. "हिंमत असेल तर या. एकट्यानं येऊ नका," असं ती जड आवाजात म्हणायची आणि मग माईक बंद करून पाणी प्यायची. ग्रंथालयातून आणलेलं एखादं पुस्तक तिच्या मांडीवर उघडं असायचं. डब्याच्या आतलं सगळं तिला माहीत होतं. भिंतीवरचं रक्त म्हणजे कुरुंद्याची हळद आणि पानातला चुना. दोन्ही पाण्यात कालवलं की लालभडक होतं. कोळिष्टकं म्हणजे पिंजलेला कापूस. मानेवरून फिरणारा गार हात म्हणजे बर्फाचं पाणी भरलेला रबरी हातमोजा. आणि तो कुबट वास ओल्या पोत्यांचा. पोती रोज सकाळी भिजवावी लागत, नाहीतर दुपारपर्यंत भूत वाळून जायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यात आतले काळे पडदे फाटले. पडदा फाटला की उजेड येतो आणि उजेड आला की भूत म्हणजे नुसता रंगवलेला पुठ्ठा दिसतो. उकंडरावांनी शिवायला माणूस शोधला. मैदानावर झाडलोट करायला आलेल्या बायकांत रूपाबाई होती. ती आत बसून शिवायला लागली. एवढी बारीक शिवण, की आरोही बोटानं चाचपून बघायची आणि जोड सापडायचा नाही.

"मावशी, कुठं शिकलात?"

"आईजवळ. आमच्यात पोरीला चालाया लागली की सुई देतेत."

तिसऱ्या दिवशी दुपारी रूपाबाईची मावसबहीण प्रदर्शन बघायला आली. कळमनुरीकडच्या तांड्यावर दिलेली. सात वर्षांनी भेटत होत्या. तांड्याची रीत अशी, की बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून रडतात. नुसतं रडत नाहीत, सुरात रडतात. मधल्या काळात कोण गेलं, कुणाचं काय झालं, सगळं त्या रडण्यात येतं. दोघी पडद्यामागं एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागल्या.

बाहेर रांग हलायची थांबली. माईकवर बोलणारी आरोही थांबली. कुणीतरी म्हणालं, "आयला, आत खरंच काही तरी हाय." आणि रांग वाढायला लागली.

उकंडराव धावत आत गेले. दोघी डोळे पुसत हसत होत्या.

"रूपाबाई, हेच पायजे मला," उकंडराव म्हणाले. "पडदे राहू द्या. रोज रडायचं."

"रोज कोन भेटंल मला मालक?"

"कोणी न भेटता रडा ना. काय फरक पडते?"

रूपाबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं, की त्यांनी नजर वळवली.

पण ती कबूल झाली. झाडलोटीपेक्षा बसून रडणं बरं, असं नरसिंग म्हणाला. त्यानंच तिला बंगल्याचा कायदा शिकवला. "मावशे, ध्यान देऊन ऐक. आत वरडायला किंमत न्हाई. कोणी बी किती बी वरडो, लोक टाळ्याच वाजवतेत. मागं आपला रामप्रसाद, फाशीचं मढं बनते तो, त्याचा पाय चाकाखाली आला. ते वरडून राहिलं, अन् गाडीतला म्हणते, वा, काय काम करून राहिला! म्हणून खरं लागलं तर वरडायचं न्हाई. पत्र्यावर तीनदा ठोकायचं. थांबायचं. पुन्हा तीनदा. मंग मी गाडी सोडून येतो."

रूपाबाईनं लगेच तीनदा ठोकून बघितलं.

"अगं आता कशाला? मी हितंच हाय ना."

"तू येतो का न्हाई ते बघून राहिले," ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसली.

पहिले दोन दिवस रडणं आलंच नाही. नुसता आवाज यायचा, मांजरासारखा. उकंडराव कपाळाला हात लावायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली गाडी आत गेली आणि पत्र्यामागून ते सुरू झालं. आधी खोल, जमिनीतून आल्यासारखं, मग चढत चढत एका ठिकाणी मोडणारं. त्यात शब्द होते. बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीतले. आरोहीला एक शब्द तेवढा कळायचा, याडी. याडी म्हणजे आई.

चहाच्या वेळी तिनं विचारलं, "मावशी, आईसाठी रडता का?"

रूपाबाईनं बशीतला चहा फुंकला. बाजूला नरसिंग बिडी ओढत होता. तो उठून गेल्यावर ती बोलली.

"कोणाचं नाव घेतल्याबिगर रडणं येत न्हाई पोरी. अन् जित्याचं नाव घेतलं त ते मानूस जाते. मेलेल्यायचं एकदा रडून झालेलं असते, पुन्हा पुन्हा उठवू नाई. मंग कोणाचं घेऊ? म्या माझंच घेतलं."

"तुमचंच?"

"मला एक लेक झाली व्हती. अकरा दिसाची व्हऊन गेली. ती असती त मी मेल्यावर तिनं रडलं असतं. आमच्यात पहिला आवाज लेकीचा. तिनं उचलला की मंग बाकीच्या. लेकच न्हाई, त कोन उचलंल? सून चांगली हाय, पन ती असते उसात. म्हणून मी काय करते, लेकीच्या जागी बसते. अन् मला रडते. याडी, तू चालली. याडी, तुझी सुई कोनाच्या हातात देऊ."

ती हे सहज सांगत होती. चहा प्यायली, बशी विसळली आणि आत गेली. आरोहीच्या मांडीवरचं पुस्तक त्या दिवशी पुढं सरकलं नाही.

तांड्यावर हे कळायला वेळ लागला नाही. रूपाबाईची जाऊ आशाबाई शेजारीच राहायची. दोन घरांत मिळून एकच पत्र्याची भिंत. आशाबाई प्रदर्शन बघायला आली, गाडीत बसली आणि शेवटच्या वळणावर तिनं आवाज ओळखला. शब्दही ओळखले. बाहेर येऊन ती सगळ्यांसमोर म्हणाली, "जितेपनी आपलंच मढं रडून राहिली ही. मरण घरात आनून सोडशील एक दिवस. लोकायच्या करमणुकीला!"

"बाई, पोटासाठी हाय," रूपाबाई म्हणाली.

"आता मरशील तवा आमी काय रडायचं? तू त सारं रडून ठिवलं."

त्या दिवसापासून आशाबाईनं बोलणं टाकलं. मधली भिंत तेवढी सामाईक राहिली.

मागच्या दसऱ्यात रूपाबाईचा घसा बसला. खोकला मोडेना. आरोहीला ते बघवेना. तिनंच सुचवलं, "मावशी, एकदा चांगलं रडा, मी मोबाईलमध्ये घेते. मग तेच लावू. तुम्ही आराम करा."

सकाळी रिकाम्या बंगल्यात घ्यायचा प्रयत्न केला. रडणं आलं नाही. चाकांचा खडखडाट नाही, माणसं नाहीत, रूपाबाईला सूर लागेना. शेवटी संध्याकाळी, गाड्या चालू असताना, आरोहीनं पडद्याच्या फटीत मोबाईल ठेवला आणि पळत माईकवर गेली. त्या दिवशी रूपाबाई अकरा मिनिटं रडली. आरोहीनं त्यातला सुरुवातीचा स्वच्छ तुकडा कापला आणि आतल्या भोंग्यावर जोडला. आवाज इतका सारखा होता, की नरसिंगनं पडदा सारून बघितलं.

दुसऱ्या दिवशी उकंडराव म्हणाले, "आता बाईला कशाला तकलीफ? घरी जाऊ द्या. घसा जपू द्या."

ते हे मायेनंच म्हणाले. त्यातच सगळं संपलं. आरोहीनं आरामासाठी सुचवलं होतं, आणि आराम मिळाला होता.

रूपाबाई लगेच गेली नाही. दुपारभर बंगल्याच्या मागं पत्र्याला टेकून बसली. आत तिचा आवाज रडत होता, आणि ती कान देऊन ऐकत होती. आरोही पाणी घेऊन गेली.

"चांगली रडते गं ती," रूपाबाई म्हणाली. मग विचारलं, "हे मोबाईलमधलं माझंच हाय ना?"

"तुमचंच मावशी."

"पुरं हाय? का तुकडाच?"

"पूर्ण आहे माझ्याकडे."

"मंग मी गेल्यावर तांड्यात आनून लाव. पुरं लाव. पहिला आवाज निघाला पायजे. त्याबिगर बायका बसून राहतेत नुसत्या. लई वंगाळ दिसते."

"असं काय बोलता मावशी?"

"व्हय म्हन."

"हो."

जानेवारीत एका सकाळी कुलदीपचा फोन आला. मागं उसाच्या फडातला गलका होता.

"ताई, आई गेली." मागच्यांना त्यानं 'थांबा' म्हणून सांगितलं. "काल सांजंलाच गेली म्हणतेत, आज सकाळी दार उघडलं तवा कळलं. आमी निघालो, पन पोचाया उद्या होईल. तांड्याचा नायक म्हणते तवर ठिवता येत न्हाई. ताई, आई सांगायची, आरोहीताईजवळ माझा आवाज हाय. तुमी जाता का?"

आरोही नरसिंगला घेऊन निघाली. नरसिंग मोटारसायकल चालवत होता. उकंडरावांनी बंगल्यातला छोटा स्पीकर दिला. वाटेत तुरी काढणीला आलेल्या होत्या.

तांड्यावर बायका अंगणात गोल बसल्या होत्या. मधे रूपाबाई, अंगावर नवी साडी. पुरुष लिंबाखाली उभे. सगळं तयार होतं आणि कुणी रडत नव्हतं. शेळी ओरडली तेवढीच. रूपाबाई म्हणाली होती तसंच होतं. लई वंगाळ दिसत होतं.

नरसिंग पुरुषांकडं गेला. आशाबाई भिंतीला टेकून उभी होती. आरोहीला बघून तीच पुढं आली.

"तूच का ती, बंगल्यावाल्याची?"

"हो. कुलदीपदादानं पाठवलं. मावशींना... काल कुणी बघितलं नव्हतं का?"

"बघायचं काय? ऐकलं ना." आशाबाईचा आवाज चढला. "सांजंला सुरू झाली. रडून राहिली, कण्हून राहिली. मला वाटलं, शिवरातीची जत्रा आली, सराव करून राहिली. हिचं कामच ते. अन् काल त पत्रा बी ठोकत व्हती. तीनदा. थांबायची. मंग अजून तीनदा. म्या म्हनलं, वा! आता वाजंत्री बी आली संगं. म्या इकडून वरडले, बस कर गं तुझं नाटक. मंग थांबली."

आरोही तिच्याकडं बघत राहिली. लिंबाखाली नरसिंग बिडी काढत होता. तो लांब होता. त्यानं ऐकलं नव्हतं.

"काय झालं?" आशाबाईनं विचारलं.

"काही नाही."

"त मंग लाव काय लावायचं ते. मानसं खोळंबलीत."

आरोहीनं स्पीकर रूपाबाईच्या उशाशी ठेवला. बटण दोनदा चुकलं. मग आवाज निघाला.

याडी.

बायकांच्या अंगातून काहीतरी सरकलं. एकीनं तोंडावर पदर घेतला. आवाज खोल होता, जमिनीतून आल्यासारखा, आणि खाली ती स्वतः तोंड मिटून पडली होती. पहिला आवाज लेकीचा असतो. तो तिनं स्वतःच उचलला होता. एक म्हातारी डोलायला लागली. दुसरीनं सूर धरला. आता सगळ्या उचलणार, असं आरोहीला वाटलं.

आणि स्पीकरमधून चाकांचा खडखडाट आला. एक मुलगी किंचाळली. कुणीतरी शिट्टी मारली. एक पोरगा मोठ्यानं हसत म्हणाला, "ए भूतनी, बाहेर ये ना, नंबर दे!" गाडीभर हशा. त्या हशावरून आरोहीचा स्वतःचा आवाज, जड, लांबून, भोंग्यातून: "हिंमत असेल तर या. एकट्यानं येऊ नका."

हे सगळं त्या अकरा मिनिटांत होतंच. जत्रेत बसून ऐकताना ते कधी कानावर पडलं नव्हतं. पाण्यातल्या माशाला पाणी दिसत नाही तसं. पुरं लाव, असं रूपाबाई म्हणाली होती, म्हणून तिनं पुरं आणलं होतं. सूर धरलेली बाई गप्प झाली. लिंबाखालच्या माणसांनी माना वळवल्या. स्पीकर हसत होता. आरोही बंद करायला वाकली तर बटण सापडेना.

आशाबाईनं तिचा हात बाजूला केला. स्पीकर उचलला, पदरात गुंडाळला आणि त्यावर बसल्यासारखी खाली बसली. आतून हशा अजून येत होता, बारीक. तो झाकायला म्हणूनच असेल कदाचित, तिनं तोंड उघडलं.

तो आवाज रूपाबाईसारखा नव्हता. फाटका होता, सुरात नव्हता. पण तो निघाला आणि मागून सगळ्या निघाल्या. आशाबाई मढ्याच्या छातीवर हात आपटत होती. पुन्हा पुन्हा तेच काहीतरी म्हणत होती.

शेजारी बसलेल्या एका लेकुरवाळीला आरोहीनं विचारलं, "काय म्हणताहेत त्या?"

"शिव्या देऊन राहिली," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हणते, तुला आपलंच रडायला कोनी सांगितलं व्हतं गं भवाने? आमी मेलो व्हतो का?"

दुपारी माणसं तिला घेऊन गेली. बायका तांड्याच्या कडेपर्यंत आल्या आणि मागं फिरल्या. अंगणात पाणी शिंपडलं. आरोहीनं स्पीकर पिशवीत घातला. रूपाबाईच्या जुन्या साडीच्या पदराला सुई तशीच होती, दोरा ओवलेली. ती कुणी काढली नव्हती. आरोहीनंही काढली नाही.

निघताना आशाबाई जवळ आली. डोळे सुजलेले. आवाज पार बसलेला.

"पोरी, एक इचारू? ते तीन-तीनदा ठोकनं काय असते गं? तुमच्याकडं शिकली व्हती काय?"

नरसिंग गाडी सुरू करत होता. आरोहीनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"ताल धरायला ठोकायच्या त्या," ती म्हणाली. "रडताना. सवय होती त्यांना."

आशाबाईनं मान हलवली.

"तेच म्हनलं म्या," ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते.